एकही फट नको

"इथं हलतोय धूर," मी म्हणाले. "बघा ना, वाकडा जातोय."

इकबालमिस्त्री शिडीवरून खाली उतरले. नव्या खिडकीच्या चौकटीच्या डाव्या कोपऱ्याशी मी उदबत्ती धरली होती. धूर सरळ वर चढायचा सोडून माझ्या तोंडाकडे झुकत होता. मला आठवा महिना लागला होता. एक हात कमरेवर, दुसऱ्यात उदबत्ती, अशी मी सकाळपासून खोलीच्या भिंती चाचपत फिरत होते.

"ताई, एवढी फट कुणाच्याही घराला असते."

"कुणाच्याही घरात वरून विंचू पडत नाही."

मिस्त्रींनी धैर्यशीलकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. ते दारात उभे राहून हसत होते. "भरून टाका मिस्त्री. बाई बी.एस्सी. आहेत, केमिस्ट्री घेऊन. त्यांच्यापुढं भूगोलाच्या मास्तरचं काय चालणार?"

"भरतो की. पण घराला थोडा वारा लागतो ताई. ते पण माणसासारखंच आहे."

"वारा हवा असला तर खिडकी उघडीन मी," मी म्हणाले. "एकही फट नको."

त्यांनी सिलिकॉनची नळी घेतली आणि बोटानं दाबत दाबत तो कोपरा बुजवला. मी पुन्हा उदबत्ती धरली. धूर ओळंब्याच्या दोरीसारखा सरळ वर गेला. त्या संध्याकाळपर्यंत आम्ही अशा सतरा फटी बुजवल्या.

पाचगणीच्या खालच्या अंगाला आमचं घर आहे. घर म्हणजे दगडी कॉटेज. धैर्यशीलचे आजोबा एका पारशी बंगल्यावर माळी होते. मालकीणबाई पाचगणी सोडून गेल्या तेव्हा बंगल्याच्या कोपऱ्यातली ही कॉटेज त्यांनी आजोबांच्या नावावर करून दिली. दोन-दोन फुटांच्या भिंती, उंच उतरतं छप्पर, मंगलोरी कौलं, आणि आढ्याखाली हातभर रुंदीचे उघडे झरोके. आमच्या झोपायच्या खोलीत छपराला एक काचेचं कौल होतं. त्यातून उन्हाचा चौकोनी तुकडा सकाळी कपाटावर पडायचा आणि दुपारपर्यंत सरकत सरकत उंबऱ्याशी यायचा. लग्न होऊन आले तेव्हा मला त्या तुकड्याचं फार कौतुक होतं.

मग पाचव्या महिन्यात माझ्या उशीजवळ वरून विंचू पडला. चावला नाही. पण त्यानंतर मी कौलांकडे बघतच झोपायची, म्हणजे झोपायचीच नाही. वाऱ्यानं कौल खडखडलं तरी टॉर्च लावायची. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली होती, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी जायचा प्रश्नच नव्हता. बाळ याच कौलांखाली येणार होतं.

धैर्यशीलना तसंही घर वाढवायचं होतं. मोसमात पाहुण्यांना एखादी खोली देता येईल, असं त्यांच्या डोक्यात होतं. आमची खोली उताराच्या बाजूला दहा फूट पुढं काढली, सहा खांबांवर. आतच बाथरूम केलं. वर पीओपीचं सपाट छत आलं, झरोके विटांनी बुजले, मोठी सरकती काचेची खिडकी बसली. खिडकीखाली सरळ दहा फूट खोल खालचं अंगण होतं, म्हणून मी तिला कुलूप बसवून घेतलं. मूल रांगायला लागेपर्यंत थांबायचं कशाला? बारकी चावी खिडकीशेजारी खिळ्यावर टांगली. दाराची कडी तेवढी राहिली, सुतार उद्या येतो म्हणाला आणि आलाच नाही.

काचेचं कौल छताच्या वर गेलं. खोलीत येऊन सगळे म्हणायचे, अगदी हॉटेलसारखी झालीय.

डिसेंबरात मुलगी झाली. चौथ्या दिवशी साताऱ्याच्या दवाखान्यातून आम्ही तिला त्या खोलीत आणलं.

बायडाबाई दुसऱ्या दिवसापासून आम्हा दोघींना न्हाऊ घालायला यायला लागल्या. पंचक्रोशीतल्या बाळंतिणी त्यांच्याच हातच्या. पायावर बाळ घेऊन बसल्या की बघत राहावं. माझ्या सासूबाईंनी बाजेखाली कोळशाची शेगडी सरकवली, निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग आणि लसणाची सालं टाकली, आणि दार लोटून घेतलं. दाराला कडी नव्हती, ते आपोआप उघडायचं. म्हणून त्या दाराला खुर्ची लावून स्वतःच तिच्यावर बसल्या.

"बाळंतिणीला वारा लागता कामा नये," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी या खोलीत कुडकुडायला व्हायचं. शेगडी असून नसल्यासारखी. आता बघ कशी ऊब धरते."

"ऊब कसली, भट्टीच हाय," बायडाबाई म्हणाल्या. घाम पुसत त्या उठल्या. "मी जाते बाई दुपटी धुवायला. मला न्हाय सोसत."

"तुला कधी काय सोसलंय," सासूबाई म्हणाल्या. "कामाचं नाव काढलं की तुला उकडतं."

"अन तुमास्नी खुर्ची दिली की थंडी वाजती."

बाळ धुरीनंतर झोपलं ते दुपारी दोन वाजता उठलं. सासूबाईंना किती बरं वाटलं. मला मात्र कपाळात ठणके बसत होते.

"न्हाणं बाधतं पहिल्यांदा," त्या म्हणाल्या. "डोकं बांधून घे."

मी डोकं बांधलं. दुसऱ्याच दिवशी मळमळायला लागलं. तिसऱ्या दिवशी उलटी झाली. संध्याकाळी शेगडी विझायची, माणसांची जा-ये व्हायची, दार उघडं राहायचं आणि मला हुशारी वाटायची. वाटायचं, उगाच घाबरतो आपण. सकाळी पुन्हा न्हाणं, पुन्हा शेगडी, पुन्हा ते ठणके.

मी लिहून ठेवायला लागले. कितीला प्यायली, किती वेळ, कितीला झोपली, किती दुपटी ओली. पाठकोऱ्या कागदावर रेघा मारून तक्ता केला. सकाळी अकरानंतर तिचं पिणं नाहीच. रोजचं.

"ही फार झोपते," मी सासूबाईंना म्हणाले. "अकरा ते दोन. उठवलं तरी उठत नाही."

"पोर रडलं तरी तुला काळजी, झोपलं तरी काळजी. अगं, हिचा बापूस रडून रडून गाव गोळा करायचा. नशीब समज."

"तिचे गाल बघा ना किती लाल झालेत."

"मग काय पिवळे हवेत?"

त्याच दिवशी फरशीवर, कपाटाच्या पायाशी, एक पाल मरून पडलेली दिसली. मी केरसुणीनं तिला सुपलीत घेतलं आणि मला बरं वाटलं. म्हटलं, बाहेर जायला वाट मिळाली नाही, मेली. काम पक्कं झालंय.

जन्मापासून आठव्या दिवशी बाळ माझ्या हातून निसटलं. बाजेवरच पडलं, वीतभर अंतरावरून, लागलं काही नाही. पण माझ्या बोटांत जोरच नव्हता. धैर्यशील शाळेतून आत्ताच आले होते, दारातच उभे होते. त्यांनी पाहिलं.

"काय झालं?"

"हात कापतात माझे. अहो, मला या खोलीत नको वाटतं. ही खोली आपल्याला बाहेर काढतेय, असं वाटतं."

मी काय बोलले ते मला बोलल्यावर ऐकू आलं. त्यांनी बाळाला उचलून घेतलं आणि खांद्याशी धरलं.

"हर्षदा, तूच म्हणत होतीस ना, अशीच खोली पाहिजे?"

"हो."

"मग?"

मी बाजेवरचं दुपटं घडी घालायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये तोंड धूत असताना त्यांचा आवाज आला. पलीकडच्या स्वयंपाकघरात ते कऱ्हाडच्या ताईंशी, मोठ्या बहिणीशी, फोनवर बोलत होते.

"डॉक्टर म्हणाले, पहिलटकरणीचं होतं असं, थोडं लक्ष ठेवा... नाही गं. बाळाला काही करायची नाही ती. पण विचित्र बोलते. काल हातातून पाडलं... हो, आई असते जवळ. एकटीला नाही सोडत. खिडकीचं बघतो मी."

नळ सोडून मी तशीच उभी राहिले. आरशात बघितलं. बांधलेलं डोकं, खोल गेलेले डोळे, तांबूस गाल. मलाही त्या बाईजवळ बाळ ठेवलं नसतं.

त्यानंतर मी डोकं दुखतंय म्हणायचं सोडून दिलं. विचारलं की बरी आहे म्हणायची. बाळाला माझ्याकडून काढून घेतील, या एकाच भीतीनं मी शहाण्यासारखी वागायला लागले. शेक घे म्हटलं की घेतला. तक्ता लिहायचा बंद केला, कागद गादीखाली सारला. शहाणी बाई असले तक्ते करत नसेल, असं वाटलं.

बारसं बाराव्या दिवशी होतं. अकराव्या दिवशी सकाळपासूनच वीज नव्हती. गारठा असा की खालच्या अंगणातली पाण्याची घागर हाताला चटका देत होती. अंगणात मांडव पडत होता. धैर्यशीलनी रजा घेतली होती, ते बांबू रोवत होते.

सासूबाईंनी पाळणा सजवून खिडकीजवळ आणून ठेवला. मग पाट्यावरचा वरवंटा धुवून, हळदकुंकू लावून आणला. आमच्याकडे बारशाला आधी वरवंट्याला बाळासारखं नटवतात. पाळण्याखालून-वरून त्याला एकमेकींच्या हातात देतात, पाळण्यात निजवतात, आणि मगच बाळाला ठेवतात. उद्या गडबड नको म्हणून त्यांनी वरवंटा आजच गुंडाळला. बाळाचंच पिवळं दुपटं, वर बाळाचीच लाल कुंची. आणि ठेवला पाळण्यात.

"काय बाई नटलाय," बायडाबाई म्हणाल्या. "नाव काय ठेवायचं ह्याचं?"

"तुझ्या नवऱ्याचं ठेव. तोही असाच पडून असतो."

मी पण हसले. त्या दिवसातलं मला एवढंच हसू आठवतं.

न्हाणं झालं. गारठा म्हणून त्या दिवशी शेगड्या दोन आल्या, एक बाजेखाली, एक पाळण्याच्या बाजूला. बायडाबाई धुण्याची बादली घेऊन खाली गेल्या. सासूबाईंनी पाळण्याशी उदबत्ती लावली, दार लोटलं, खुर्ची दाराला टेकवली आणि मांडीवर सूप घेऊन उद्याच्या घुगऱ्यांचे हरभरे निवडत बसल्या.

बाळ माझ्या कुशीत होतं. झोपलेलं. मी उदबत्तीकडे बघत पडले होते.

धूर सरळ वर जात होता. छतापर्यंत एक रेघ, आणि छताला लागल्यावर हळूच पसरत होता. कुठंही झुकत नव्हता. मला वाटलं, किती छान काम केलंय मिस्त्रींनी. मिस्त्रींचा आवाजही ऐकू आला, घराला वारा लागतो ताई. मी मनात म्हटलं, लागत नाही, बघा. खूप वेळ मी तो धूर बघत होते. डोक्यातले ठणके लांब कुठंतरी गेले होते आणि फार बरं वाटत होतं. असंच पडून राहावं.

मग माझी नजर पाळण्याशेजारच्या शेगडीवर गेली. निखाऱ्यांच्या वर निळ्या ज्योती नाचत होत्या. बारक्या, बोटाएवढ्या, फुलांसारख्या निळ्या.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलची तोंडी परीक्षा होती. परीक्षक बाहेरून आलेले होते. त्यांनी विचारलं, कोळशावर निळी ज्योत दिसते ती कशाची? मी पटकन उत्तर दिलं होतं. मला वीसपैकी एकोणीस मिळाले होते.

कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, उलटी होते, हातापायातलं बळ जातं. गाल लाल होतात.

मला हे सगळं पाठ होतं. अकरा वर्षं पाठ होतं.

"आई," मी म्हणाले. आवाज निघाला की नाही कळलं नाही. "आई, दार उघडा."

सासूबाईंची मान छातीवर पडली होती. सूप मांडीवरून घसरलं होतं आणि हरभरे फरशीभर झाले होते. मी उठायला गेले आणि बाजेवरून खालीच पडले. पाय माझे नव्हतेच. हरभऱ्यांवरून सरपटत दारापर्यंत गेले, त्यांचा पाय धरून ओढला. त्या खुर्चीतून कलंडल्या आणि दाराला आडव्या पडल्या. अंगानं भरलेली बाई. मी त्यांना ढकलत होते, म्हणजे त्यांच्या पदरावर नुसते हात ठेवत होते. दार आत उघडणारं. वीतभरही हललं नाही.

मग खिडकी. खोलीची लांबी वीस फूट. दहा फूट आम्ही वाढवली होती. ती दहा फूट मला आजही मोजता येतील, एकेक फरशी. खिडकीचा काठ धरून गुडघ्यांवर उभी राहिले. कुलूप लावलेलं होतं. खिळ्यावर हात फिरवला. खिळा रिकामा.

पुन्हा फिरवला. चावी नव्हती.

मी काचेवर थापा मारल्या. खाली मांडवाच्या बांबूंमध्ये धैर्यशीलचं डोकं दिसत होतं. ते खिळे ठोकत होते. त्यांच्या ठोक्यांच्या आवाजात माझ्या थापा ऐकूही आल्या नसत्या.

बाळ. आधी बाळ काचेशी आणायचं, एवढंच डोक्यात आलं. बाळ बाजेवर आहे, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. हाताशी पाळणा होता. पाळण्यात पिवळं दुपटं होतं, लाल कुंची होती. मी दोन्ही हातांनी उचललं.

थंड होतं. ताठ होतं. आणि इतकं जड, की मेल्यावर माणूस जड होतं म्हणतात ते मला आठवलं.

मी तिला छातीशी घेतलं. किती वेळ, मला माहीत नाही. सांगणारे म्हणतात क्षणभरच असेल. माझ्या हिशेबी त्या क्षणाला अजून टोक आलेलं नाही. मग कुंची सरकली आणि माझ्या बोटांना हळद लागली. हळदीखाली दगड होता.

मागं, बाजेवर, तिनं बारीकसा आवाज केला. मांजराच्या पिलासारखा.

तो दगड मी डोक्यावर कसा उचलला, ठाऊक नाही. हातात ताकद नव्हती. त्याच्याच वजनानं तो गेला. काच फुटली, आणि कुंची घातलेला वरवंटा खाली अंगणात जाऊन पडला.

वारा आला. गार, सुरीसारखा. मी फुटक्या काचेतून तोंड बाहेर काढलं आणि श्वास घेतला. "या," म्हणायचं होतं. ओठ हलले असतील.

ठोके थांबले होते. धैर्यशील मांडवाबाहेर आले होते. त्यांच्यापासून चार पावलांवर, खालच्या फरसबंदीवर, पिवळं दुपटं पडलं होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं, माझ्याकडे. हातात हातोडी तशीच होती.

ते हलले नाहीत.

मी त्यांचा चेहरा बघत होते. मला वाटलं, हे धावत का नाहीत? मी इथं मरतेय, हे धावत का नाहीत? बाळाला आणायला मी मागं वळले. ते सरपटणं मला आठवत नाही. तिला ओढून पुन्हा काचेशी आले, तिचं तोंड त्या भोकाशी धरलं. तिच्या तोंडातून दुधाची रेघ गळत होती. खाली पाहिलं तर ते अजून तिथंच उभे होते, त्याच फरशीवर. बायडाबाई धुण्याच्या दगडावरून धावत आल्या, खाली वाकल्या आणि त्यांनी ते गाठोडं उचललं.

"अवो दादा, ह्यो वरवंटा हाय! वरवंटा!" त्या ओरडल्या. "वर बघा, पोर तिच्या हातात हाय. पळा की!"

मग ते धावले.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी एकच गोष्ट विचारली, खोलीत हवा यायला जागा होती का? मी म्हणाले, नव्हती. सतरा होत्या, मी बुजवून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं गेली असती तर तिघींपैकी कुणी उरलं नसतं.

बाळाला दीड दिवस ऑक्सिजन लावला. सासूबाई पलीकडच्या खाटेवर होत्या. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा बाळाचं विचारलं, मग वरवंट्याचं.

"टवका उडालाय एक," मी म्हणाले.

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "उडू दे. त्याला तेवढ्यासाठीच तर आधी ठेवतात." आणि थोड्या वेळानं, छताकडे बघत, "तू सांगत होतीस. मी ऐकलं नाही."

"मी सांगितलंच नाही नीट. मला माहीत होतं आई. मला पाठ होतं."

"पाठ असून काय करतेस," त्या म्हणाल्या. "तुझं डोकं मीच बांधून ठेवलं होतं."

संध्याकाळी धैर्यशील आले. खाटेशेजारी उभं राहून त्यांनी खिशातून बारकी चावी काढली.

"माझ्याकडे होती," ते म्हणाले.

"हो."

"मला वाटलं..."

"माहीत आहे. फोन ऐकला होता मी."

चावी परत खिशात गेली. मला विचारायचं होतं, तुम्ही इतका वेळ का उभे राहिलात? बाळ नाकात नळी घेऊन झोपलं होतं, तिची छाती वर-खाली होत होती. मी ती मोजत होते. मोजणं चुकेल म्हणून विचारलं नाही.

जानेवारीत इकबालमिस्त्री आले. त्यांना सगळं कळलं होतं. नुसतं शिडी लावून विचारलं, "कुठून सुरुवात करू ताई?"

"छतापासून. झरोके पण उघडा."

पीओपीचे तुकडे पडले, धुरळा बसला, आणि दुपारी बाराच्या सुमाराला उन्हाचा चौकोन फरशीवर येऊन पडला. मी बाळाला त्याच्याशेजारी ठेवलं. तेव्हा तिचं नावही ठेवलं नव्हतं. बारसं पुढं महाशिवरात्रीच्या सुमाराला केलं, शर्वरी म्हणून. टवका उडालेला वरवंटाच आधी पाळण्यात निजवला. सासूबाई म्हणाल्या, दुसरा कशाला आणायचा, याला सवय आहे.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. शर्वरी सातवीत आहे. तिचं एखादं गणित चुकलं, वस्तू कुठं ठेवली ते ती विसरली, की मी मनात त्या सकाळची मिनिटं मोजते. तसं तिला मी कधी कळू देत नाही. डॉक्टर म्हणतात, काही नाही, अगदी ठणठणीत आहे. खिडकीला आता काच नाही, जाळी आहे. मोसमातले पाहुणे विचारतात, एवढ्या छान खोलीला काच का नाही? धैर्यशील सांगतात, घराला वारा लागतो.

कुठंही मुक्कामाला गेलो तरी मी खोलीत आधी उदबत्ती लावते. लोकांना वाटतं, भाविक आहे. मी धूर वाकतो का ते बघते. वाकला की मग झोपते.

गेल्या आठवड्यात शर्वरी वडिलांचा जुडगा घेऊन सायकलचं कुलूप उघडत होती. अंगणातच, त्याच फरसबंदीवर. मी वर खिडकीत होते.

"पप्पा, ही एवढीशी चावी कसली?" तिनं विचारलं. "कशालाच लागत नाही ही."

ते झाडांना पाणी घालत होते. त्यांनी पाइप खाली ठेवला, तिच्याकडून जुडगा घेतला आणि हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी वर पाहिलं. मी जाळीआड होते.

"धावा की," मी म्हणाले. अगदी हळू. बारा वर्षांनी.

त्यांना ऐकू आलं असेल, नसेल. त्यांनी जुडगा शर्वरीच्या हातात दिला. पाणी फरशीवर वाहत होतं, तरी पाइप तसाच टाकून ते जिन्याकडे निघाले. आधी चालत. मग जिन्यावर त्यांच्या पावलांचा आवाज आला, दोन-दोन पायऱ्या टाकत वर येणारा.